तीन पाण्यात धुतलेला दुपट्टा

१

वैशाखाचं ऊन यवतमाळात सकाळीच पायरीवर येऊन बसतं. त्या दिवशी ते बसायच्या आतच लोहाऱ्याच्या एमआयडीसीमागच्या व्यसनमुक्ती केंद्रात ओरड झाली, की नयन गेला.

नयन घाटंजीकडचा. कापसातुरीच्या शेतात वाढलेला, उंचापुरा, हसरा गडी. त्या वर्षी कापूस घराघरात भावाची वाट पाहत पडून होता. माणसं त्याच्यावरच झोपत होती आणि रात्रभर अंग खाजवत होती. कापूस पडून होता, दारू मात्र कुठं पडून राहत नव्हती. नयनच्या बापानं, नानाजीनं, शेत तसंच टाकून लोहाऱ्यात एक खोली घेतली आणि लेकाला इथं आणून घातलं. सून कोकिळाही सोबत आली. लेक बरा होईल तेव्हा घेऊनच गावी जाऊ, असं ठरलं होतं.

आता तो खाटेवर वाकडा पडला होता. जीभ दाताखाली आली होती. दोन्ही कोपरांवर निळे डाग होते.

उर्वशी गजभिये यवतमाळच्या कोर्टात वकिली करायची. तिला फोन आला तेव्हा ती चहाचं आधण ठेवत होती. फोन हवालदार देवसिंग राठोडचा होता. या माणसाचा आवाज नेहमी थट्टेच्या काठावर असायचा. आज नव्हता.

"वकीलबाई, तुमचा भाऊ राजदीप त्याच खोलीत होता ना? तुमी या लवकर. लोकायनं त्याले मयताच्या छातीवर बसलेला पाह्यला."

उर्वशीनं गॅस बंद केला. आधण तसंच राहिलं.

२

राजदीपसाठी काय काय केलं नव्हतं. सरकारी दवाखान्यातला वॉर्ड झाला. बाजारात बसणाऱ्या वैदूची पुडी झाली. ती आईनं वरणातून घातली आणि पोरानं ताट भिंतीवर मारलं. विहारात शपथ झाली. नागपूरचं महागडं केंद्र झालं, तिथल्या खिडकीतून तो पळाला. आई तो सुधारायची वाट पाहतच वारली. शेवटी देवराव मेश्रामांच्या या पत्र्याच्या केंद्रात राजदीप टिकला. पाडव्यापासून तो थेंबाला शिवला नव्हता. देवरावांनी त्याच्या हाती फाटकाची किल्ली दिली, तेव्हा उर्वशी बसस्टँडवर उभ्याउभ्या रडली होती. ज्या हातात घरातलं भांडं ठेवायची सोय नव्हती, त्या हातात कुणीतरी किल्ली ठेवली होती.

तीच किल्ली आता गळ्याशी आली होती.

देवराव ओट्यावर बसले होते. पांढरी दाढी, बाहीचं बनियन, डोळे तांबारलेले. त्यांनी उर्वशीला शेजारी बसवलं आणि जे वाटत होतं ते सरळ सांगितलं. केंद्रात दारू येत होती. नयनच्या उशीला मोहाचा वास होता, त्यांनी स्वतः घेतला होता. फाटकाबाहेरच्या हापशीवर पाणी आणायला एकटा राजदीप जायचा. मग आणली कोणी?

"पोरी, मी त्याले लेकासारखं ठेवलं," ते म्हणाले. "माह्या तोंडून त्याचं नाव निघावं असं मले वाटते का? पण दुसरं नाव मले सापडून नाई राह्यलं."

उर्वशी खोलीत गेली. उशी उचलून नाकाशी धरली. एका कोपऱ्याला आंबूस, जुना वास होता, वाळलेल्या मोहफुलासारखा. उशीखाली एक पांढरा दुपट्टा होता, ऊन लागू नये म्हणून इकडचे पुरुष डोक्याला गुंडाळतात तसा. तो स्वच्छ होता. इतका स्वच्छ, की त्या मळक्या खोलीत तो पाहुण्यासारखा दिसत होता. पण त्याची एक कड दातांनी चावून चावून चोथा झाली होती.

तिनं दुपट्टा हुंगला. साबणाचा वास आला. बस, साबणाचा.

उशीला दारूचा वास आणि दुपट्ट्याला साबणाचा. माणूस साबण कशाला चघळेल?

ती विचार करत उभी होती तेवढ्यात देवसिंग दारात आला. दवाखान्यातून त्याला फोन आला होता. पोटात दारू नव्हती, वाससुद्धा नव्हता. उर्वशीला हायसं वाटलं. देवसिंगनं टोपी काढून कपाळ पुसलं.

"खुश नका होऊ, म्याडम. दारूनं मेला असता तं तुमचा भाऊ नुसता दारू आणणारा ठरला असता. आता पोटात दारू नाई, कोपरं निळे, अन् छातीवर तो. मंग हे काय झालं, तुमीच सांगा." मग जरा थांबून म्हणाला, "मी सांजपर्यंत दुसऱ्या कामात हाये. सांजीले त्याले घेऊन जाईन."

३

स्वयंपाकी गोविंदा चुलीपाशी घामानं निथळत होता. घरून डबे आणायची मुभा या केंद्रात होती, कारण सगळ्यांना पुरेल इतकं अन्न देवरावांकडं नव्हतं. डबे तपासायचं काम गोविंदाचं. त्याच्याविषयी खोलीतल्या माणसांनी उर्वशीच्या कानात बरंच घातलं होतं: हा चोरून काहीतरी विकतो, याच्या पिंपाखाली पाहा. तिनं पिंप सरकवायला लावलं. खाली खर्ऱ्याच्या, सुपारी-तंबाखूच्या पुड्या निघाल्या. गोविंदानं मान खाली घातली आणि म्हणाला, दारू सोडलेल्या माणसाला तोंडात काही तरी पाहिजे, बाई. दारूची मात्र त्यानं पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली.

तपासणी तो कडक करायचा. भाकरी मोडून पाहायचा, वांग्याची भाजी पळीनं ढवळायचा. नयनचा डबा तर रोज यायचा. आधी बुढा घेऊन यायचा, नानाजी.

"काय बाप होता तो," गोविंदा म्हणाला, आणि त्याचा आवाज मऊ झाला. भर उन्हात चालत यायचा. डोक्याला ओला दुपट्टा, त्यात ऊन लागू नये म्हणून ठेचलेला कांदा. आला की आधी स्वतःचा ओला दुपट्टा सोडायचा अन् लेकाच्या डोक्याला बांधायचा. लेकाचा वाळलेला आपण बांधून परत जायचा, त्याच उन्हात. पाहणाऱ्याच्या डोळ्यात पाणी यायचं. मागच्या आठवड्यात बुढ्याला ऊनच लागलं, तापानं पडला. तेव्हापासून सून डबा आणायची. ओला दुपट्टा तीही आणायची, घडी करून.

राजदीप मागच्या भिंतीला टेकून बसला होता. किल्ली त्यानं देवरावांना परत दिली होती. उर्वशी त्याच्यासमोर उकिडवी बसली. लहानपणी तो आंबे चोरून आला की ती अशीच बसायची. दारू कोणी आणली, तिनं विचारलं. तिनं त्याचा हात धरला, तर त्यानं तो काढून घेतला आणि स्वतःच्या तळहाताकडं पाहत राहिला.

"ताई, मी त्याले दाबून धरलं," तो अखेर म्हणाला. "लय जोरानं. तो उसळत होता. मंग उसळायचा थांबला. मले वाटलं, शांत झाला." त्यानं हात मांडीखाली लपवले. "सांजीले मले नेऊ दे. मलेच माहीत नाई मी काय केलं ते."

४

नयनला लोहाऱ्यातल्या नानाजीच्या खोलीपुढं आणलं होतं. घाटंजीहून ट्रॅक्टर भरून माणसं आली होती. उर्वशी बायकांच्या मागं जाऊन बसली.

या मुलखातली बाई मेलेल्यापाशी नुसती रडत नाही. ती सांगते. काय खाऊ घातलं, काय नेसवलं, कुठं चुकलं, कुठं दुखलं, सगळं गळ्यावर घेऊन सांगते. ऐकणाऱ्या बायका हुंदके देतात, शब्द कोणी मोजत नाही. पण उर्वशीची आजी गावोगाव रडायला बोलावलेली बाई होती. ती म्हणायची, रडणं कानानं ऐकू नको, मनानं ऐक. त्यात बाई खोटं बोलू शकत नाही.

कोकिळा नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवून डोलत होती. तिचा आवाज बसला होता, तरी ओळ सुटत नव्हती.

*तीन पाण्यात धुतला, दुपट्टा तुहा राजा,*
*साबण-सोड्यानं सोलला बाई, तळहात माहा,*
*गेला रे गेला वास, वैऱ्याचा त्या दारूचा,*
*थंड्या पाण्यात भिजवून, धाडला तुले,*
*काहून उघडंनास रे, डोये आता...*

उर्वशीनं मान उंचावून पाहिलं. कोकिळाचे तळहात खरंच सोललेले होते.

केंद्रातून परत आलेल्या दुपट्ट्याला दारूचा वास होता. म्हणजे दारू रोज सगळ्यांच्या डोळ्यांदेखत फाटकातून आत गेली होती. गोविंदानं भाकरी मोडली, भाजी ढवळली, आणि ज्या कपड्यातून ती गेली त्याकडं पाहून तो रडला.

आणि कोकिळाला यातलं काहीच माहीत नव्हतं. माहीत असतं, तर तिनं ते गाऊन सांगितलं नसतं.

उर्वशीनं खोलीत डोकावून पाहिलं. नानाजी आत अंधारात, भिंतीकडं तोंड करून पडला होता. बाहेर त्याच्या एकुलत्या लेकाला आंघोळ घालत होते आणि तो उठत नव्हता.

५

तिनं दार ओढून घेतलं आणि त्याच्या उशाशी बसली. आरोप केला नाही. एवढंच म्हणाली, की दुपट्ट्याचं मला कळलं, पण का ते कळलं नाही.

म्हाताऱ्यानं सांगितलं, भिंतीलाच. त्याचा थोरला भाऊ असाच पिणारा होता. घरच्यांनी वैतागून त्याला कापसाच्या कोठ्यात कोंडलं, की आपोआप सुटेल. त्याला थरथर सुटली, भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, मग झटके आले. कोठा उघडला तेव्हा कापूस त्याच्या तोंडात होता. नानाजीला तेव्हा नुकतंच मिसरूड फुटलं होतं. एकदम तोडली की माणूस मरतो, हे त्यानं डोळ्यानं पाहिलं होतं.

"म्हणून मी थोडी थोडी नेत गेलो, बाई. दुपट्टा भिजवायचा, कांद्यानं वास झाकायचा. दर दिसाले कमी भिजवायचो. तो आडोशाले तोंडात पिळून पेत जाय अन् माह्याकडं पाहून हासे. हात थरथरणं कमी झालं होतं त्याचं. आणखी आठ-दहा दिवसात कोरडा दुपट्टा नेला असता मी."

मग ऊन लागलं. तापात त्याला भान नव्हतं. शुद्धीवर आला तेव्हा दोरीवर पांढरेशुभ्र दुपट्टे वाळत होते, आणि कोकिळा त्याला आनंदानं सांगत होती, की मामाजी, देवरावकाका म्हणाले ते खरं आहे, दारू घामातून निघते. पाहा, यांच्या दुपट्ट्यात सारी उतरली होती, मी धुऊन काढली, आता रोज साधा ओला नेते, राहिलेलीही ओढून घेईल.

"मी तिले सांगू काय?" नानाजी म्हणाला. "सुनेले काय सांगू, का बाप लेकाले दारू पाजते? मी म्हणलं, उद्या मीच उठून जाईन. उठलो नाई, बाई. पाय धरंना."

उर्वशीला आता केंद्रातली ती खोली दिसली. तहानेनं वेडा झालेला माणूस दुपट्टा तोंडात पिळतो आणि येतं ते हापशीचं पाणी. तो चावतो, कड चावतो, चोथा करतो. ज्या उशीत आधीचे थेंब मुरले होते ती हुंगतो. मग पहाटे झटका येतो. जीभ दाताखाली येते, कोपरं खाटेच्या लोखंडावर आपटतात.

दारूनं नयन मेला नव्हता. दारू एकदम तुटली म्हणून मेला होता.

एक गाठ अजून राहिली होती. यवतमाळातला कुठलाही डॉक्टर हे जाणतो. त्यानं काही दिलं नव्हतं का? तिनं दारात येऊन कोकिळाला हळूच विचारलं. कोकिळानं पदरानं तोंड पुसलं. दिलं होतं ना, म्हणाली. इथं भरती करायच्या आधी मोठ्या दवाखान्यात नेलं होतं; झटके येऊ नयेत म्हणून डॉक्टरनं गोळ्या दिल्या होत्या. तिनं त्या स्वतःच्या हातानं नेऊन दिल्या होत्या.

"कोणाला?"

कोकिळानं तिच्याकडं नवलानं पाहिलं. आणखी कोणाला देणार?

६

देवराव अजून ओट्यावरच होते. देवसिंग आला होता, राजदीपला जीपकडं न्यायला. उर्वशी त्या दोघांच्या मधे उभी राहिली.

तिनं सगळं सांगितलं, जसं कोर्टात सांगते तसं, पण आवाज कोर्टातला नव्हता. उशी आणि दुपट्टा. सोललेले तळहात. बापाचं भय. चावलेली जीभ आणि कोपरांचे डाग. मारहाणीचे डाग एकाच जागी, दोन्हीकडं सारखे कसे येतील? दवाखान्यातल्या डॉक्टरशी ती फोनवर बोलली होती आणि त्यानंही फिटच म्हटलं होतं. आणि राजदीप छातीवर का बसला होता, हे खोलीतल्या कुठल्याही माणसाला विचारा. थरथर सुटली की धरून ठेवायचं, दारू निघत असते, हे प्रत्येकाला शिकवलेलं होतं. तो शिकवलेलं करत होता.

"कोणी शिकवलं?" देवसिंगनं विचारलं.

उर्वशीनं देवरावांकडं पाहिलं. तिला वाटत होतं, की यांनी नाही म्हणावं. गोळ्या मिळाल्याच नाहीत म्हणावं, हरवल्या म्हणावं. ती ते खरं मानायला तयार होती.

देवराव उठले. आत गेले आणि तेलाचा एक मोठा डबा घेऊन आले. झाकण काढून त्यांनी तो ओट्यावर पालथा केला. गोळ्यांच्या पट्ट्या खळखळत बाहेर आल्या. लाल, निळ्या, चांदीच्या. किती तरी घरांनी विश्वासानं आणून दिलेल्या. एकही फोडलेली नव्हती.

"विकल्या नाई म्या, पोरी," ते म्हणाले. "फेकल्या बी नाई. मले माह्या बायकोनं, सत्यभामेनं, खाटेले बांधून ठेवलं होतं. माह्यापाशी कुठी होती गोळी? मी सुटलो. मले वाटे, गोळी म्हंजे दुसरी बाटली." ते पट्ट्यांकडं पाहत राहिले. "नयन कसा शांत होता पहिल्यानं. मी साऱ्यायले सांगत होतो, पाहा, बिनगोळीचा सुटून राह्यला. माह्याच तोऱ्यात होतो मी. अन् तो बुढा त्याले जगवत होता."

पत्रा उन्हानं कडकडत होता.

मग देवराव राजदीपकडं वळले आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तुझ्या हातानं काही झालं नाही, म्हणाले. ते माझ्याच हातानं झालं. नंतर आपणच जीपमध्ये जाऊन बसले, मागच्या बाकावर, अंग चोरून.

देवसिंगनं उर्वशीला बाजूला घेतलं. भावाची सही लागेल, बाकी काही नाही, म्हणाला. केंद्राला मात्र आज कुलूप लावावं लागेल. आतल्या माणसांच्या घरी निरोप धाडू. ज्यांना घरच नाही त्यांचं काय, हे त्यानंच विचारलं आणि तो जीपकडं वळला.

७

निघायच्या आधी उर्वशी पुन्हा नानाजीच्या खोलीवर गेली. माती देऊन माणसं परतली होती. कोकिळा उंबऱ्यात बसली होती, रिकाम्या हातांकडं पाहत. पोलिसांनी गोळ्यांचं तिला सांगितलं होतं. दुपट्ट्याचं कोणी सांगितलं नव्हतं. नानाजी आतून ऐकत होता.

"बाई, तुमी तो दुपट्टा पाह्यला म्हणे," कोकिळा म्हणाली. "वास गेलता ना त्याचा?"

"गेला होता," उर्वशी म्हणाली. "एकदम स्वच्छ होता."

कोकिळानं मान हलवली. एवढं तरी नीट झालं, अशी.

नेरच्या एसटीत राजदीपला खिडकी मिळाली. घर नेरला होतं, आईच्या मागं बंद पडलेलं. उर्वशीचं मन एकीकडं म्हणत होतं, वाचला. त्याच दमात दुसरीकडं विचारत होतं, कुणाच्या भरवशावर? ज्या एका माणसानं त्याला धरून ठेवलं, त्याला तिनं स्वतः जीपमध्ये बसवलं होतं. त्यावाचून गत्यंतर नव्हतं. सरकारी वॉर्डात पुन्हा नाव घालू, असं ती म्हणाली. राजदीप हो म्हणाला. आईच्या वेळीही तो असंच हो म्हणायचा.

नेर जवळ आलं तसा तो अस्वस्थ झाला. स्टँडला लागूनच दारूचं दुकान होतं, आणि दुकानाशी सगळे ओळखीचे. त्यानं विचारलं, एक थांबा अलीकडंच उतरलो तर? ती हो म्हणाली. दोघं उतरून काळ्या, उघड्या वावरांमधून चालू लागले. उपटलेल्या पऱ्हाटीचे, कापसाच्या वाळल्या झाडांचे, ढीग बांधाला पडले होते.

मागून एक मोटरसायकल आली. चालवणाऱ्यानं पाय टेकवून गाडी थांबवली आणि दात काढून हसला.

"काय बे राजदीप, मेला का म्हणलं मी तं. चाल बस मांगं, किती दिसानं भेटला."

राजदीप थांबला. उर्वशी दोन पावलं पुढं गेली होती, ती मागं वळली नाही. वळून पाहिलं तर तो कशाकडं पाहतो आहे ते दिसेल, याची तिला भीती वाटली. पाठीमागं गाडी धडधडत होती.

"आज नाई बे," राजदीप म्हणाला.

गाडी निघून गेली. तो भरभर चालत तिच्या बरोबरीला आला आणि शाबासकी मिळेल म्हणून तिच्याकडं पाहू लागला. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, हसलीही. पण त्याचं ‘नाई’ तिला नीट ऐकूच आलं नव्हतं. कानात भरून राहिलं होतं ते ‘आज’, आणि घर अजून बरंच लांब होतं.